तीन नोटांवरची तीन शहरं: एकट्याने हनोई, ह्वे आणि होई आन, आठ दिवसांत

व्हिएतनामी डाँगच्या मोठ्या नोटांवर पुढून सगळीकडे हो ची मिन्ह यांचा चेहरा असतो. नोट उलटी केली की जागा बदलत जातात. १ लाखाच्या नोटेमागे हनोईचं साहित्य मंदिर आहे, ५० हजारांच्या मागे ह्वेच्या नदीकाठचे राजमंडप आणि २० हजारांच्या मागे होई आनचा छपराचा पूल. माझी सहल याच तीन नोटांची होती. आधीच्या यादीत हालोंग उपसागर, सापा आणि सायगाव हेही होते. मी ते खोडले आणि त्याचा मला आजही आनंद आहे. आठ दिवसांत सहा ठिकाणं केली असती तर निम्मा वेळ बसगाड्यांत गेला असता, आणि एकटं असताना सामान सांभाळत केलेला प्रवास दुप्पट थकवतो.

हा मार्ग सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, त्यामुळे लांबचा एकही टप्पा दुसऱ्यांदा कापावा लागत नाही. हनोईला उतरायचं, रात्रीच्या रेल्वेने ह्वे, दिवसाच्या रेल्वेने दा नांग, तिथून मोटारीने होई आन, आणि परतीचं विमान दा नांगहून. मधल्या एका पहाटे ‘मी सन’, म्हणजे चंपा या जुन्या हिंदू राज्यातल्या चाम लोकांनी बांधलेली शिवमंदिरं. माझ्या लेखी सगळ्या प्रवासाचा गाभा मी सन हाच आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिली पायरी: तारीख ठरवा, आणि दिवाळीची सुट्टी विसरा

आपल्याकडे लांबच्या सहली दिवाळीत आणि मे महिन्यात होतात. मध्य व्हिएतनामसाठी हे दोन्ही काळ वाईट. तिथला मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. २०२५च्या ऑक्टोबरअखेर ह्वे आणि होई आन दोन्ही शहरं पुराच्या पाण्यात होती. होई आनच्या जुन्या घरांत भिंतीवर पुराच्या पातळीच्या खुणा वर्षासह करून ठेवल्या आहेत, त्यातल्या काही आपल्या डोक्याच्या वर आहेत. मे ते ऑगस्ट ह्वेमध्ये ऊन इतकं कडक असतं की दुपारी राजवाड्याच्या मोकळ्या चौकात उभं राहवत नाही.

चांगला काळ म्हणजे फेब्रुवारीची अखेर ते एप्रिल. गुढीपाडव्याच्या आगेमागे जाता आलं तर फारच छान. फक्त तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, टाळा. २०२७मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं बंद असतात आणि रेल्वे आधीच भरलेली असते.

तारीख ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. ही रात्र आपल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ती रात्र होई आनमध्ये गाठता येईल असा हिशेब उलटा करत या आणि मग विमानाचं तिकीट काढा.

दुसरी पायरी: व्हिसा

भारतीय पारपत्रावर ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, आणि मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करायचा, त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच पानं खासगी दलालांची असतात आणि ती तिप्पट पैसे घेतात.

मराठी माणसाची अडचण नावात होते. आपल्या पारपत्रात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. पारपत्रात ज्या रकान्यात जे आहे तेच, त्याच क्रमाने, अक्षरन् अक्षर उतरवा. वडिलांचं नाव गाळलं तर विमानतळावरच्या काउंटरवर अडवू शकतात. विमानाच्या तिकिटावरही तसंच पूर्ण नाव हवं. प्रवेशाचा विमानतळ म्हणून हनोईचा नोई बाय निवडा. अधिकृत मुदत कामाचे तीन दिवस असली तरी तीन आठवडे आधी अर्ज करा. मंजुरीची छापील प्रत जवळ असावी.

तिसरी पायरी: तिकिटं आणि पैसा

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. जाताना हनोई आणि येताना दा नांग असं तिकीट शोधा. परतीला बहुधा हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे सायगावला, विमान बदलावं लागतं. थोडं महाग पडलं तरी चालेल, कारण परत हनोईला येण्याचा एक पूर्ण दिवस वाचतो. घड्याळ दीड तास पुढे करायचं.

पैशाचा हिशेब सुरुवातीला गोंधळात टाकतो. १ लाख डाँग म्हणजे साधारण ३४० रुपये. बाजारात शेवटची तीन शून्यं बोलतच नाहीत, ‘पन्नास’ म्हणजे ५० हजार. त्या पन्नासला तिनाने गुणा, वर थोडं धरा, की रुपये आले.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: २० हजार आणि ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत. हनोईत पहिल्याच संध्याकाळी मी फोच्या, म्हणजे नूडल्सच्या सुपाच्या, गाडीवर एकीऐवजी दुसरी दिली आणि चालू लागले. विकणाऱ्या बाई रस्ता ओलांडून मागे आल्या, नोट माझ्या हातात ठेवली आणि तिच्यावरची शून्यं बोटाने मोजून दाखवली. त्या रात्रीपासून ५ लाखांच्या नोटा मी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. तुम्हीही ठेवा. मागे पूल दिसला तर वीस हजार, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

विमानतळावर सिमकार्ड घ्या आणि ग्रॅब हे गाडी बोलावण्याचं ॲप भारतातूनच सुरू करून न्या. भाडं आधी दिसत असल्यामुळे एकट्या माणसाला घासाघीस करावी लागत नाही. अंतर कमी आणि सामान नसेल तर ग्रॅबची दुचाकी सगळ्यात स्वस्त, चालक हेल्मेट देतो.

दिवस पहिला आणि दुसरा: हनोई

हनोईत थोडक्यात आटपा. पहिला दिवस झोप भरून काढण्यात आणि जुन्या वस्तीत भटकण्यात जातो. तिथल्या बऱ्याच रस्त्यांची नावं ‘हांग’ने सुरू होतात, हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीचा, हांग गाय आता रेशमाचा, हांग मा कागदी पूजासामानाचा. पुण्यात तांबट आळी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहित्य मंदिर, व्हान मिएउ. १०७० साली कन्फ्यूशियससाठी बांधलेलं हे मंदिर आणि १०७६ची राजविद्याशाळा एकाच आवारात आहेत. तिकीट ७० हजार. ८२ दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिला उभ्या आहेत आणि त्यांवर शाही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेली आहेत. राजांच्या विजयाचे शिलालेख आपण खूप पाहतो, इथे परीक्षार्थींचे आहेत. तासभर तरी द्या.

संध्याकाळी सातनंतर दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वे सुटतात. हनोई ते ह्वे ६८८ किलोमीटर, साधारण तेरा-चौदा तास. चार शायिकांचा कप्पा घ्या आणि खालची शायिका निवडा. तिकीट रेल्वेच्या संकेतस्थळावर काही आठवडे आधी काढा. विमानाने तासाभरात पोहोचता येतं, पण रेल्वेने एका हॉटेलचं भाडं वाचतं आणि पहाटे जागं झालं की खिडकीबाहेर भातखाचरं असतात. कोकणातून रात्रीच्या गाडीने गेलेल्याला ते दृश्य अनोळखी वाटत नाही.

दिवस तिसरा आणि चौथा: ह्वे

नकाशावर काहीही वाचलं तरी उच्चार ‘ह्वे’. १८०२ ते १९४५ ही न्यूएन घराण्याची राजधानी. तेरा बादशहा इथे झाले आणि शेवटचे बाओ दाय ३० ऑगस्ट १९४५ रोजी न्गो मोन दरवाज्यावर उभे राहून पायउतार झाले.

राहायला नदीच्या दक्षिण काठावर जागा घ्या, खाणावळी आणि हॉटेलं तिथेच आहेत. राजनगरी उत्तर काठावर. बाहेरचा किल्ला सुमारे दहा किलोमीटर परिघाचा, त्याच्या आत राजनगरी, आणि तिच्याही आत बादशहाच्या खासगी वावराची जांभळी नगरी. तिकीट २ लाखांचं आहे, पण ते सुटं घेऊ नका. राजनगरी आणि तीन समाध्या मिळून ५ लाख ३० हजारांचं जोडतिकीट मिळतं आणि ते दोन दिवस चालतं. राजनगरी व दोन समाध्यांचं ४ लाख २० हजारांना.

दरवाजे उघडतानाच आत शिरा. नऊनंतर गटांची गर्दी सुरू होते. थाय होआ हा दरबाराचा महाल दुरुस्तीनंतर २०२४च्या नोव्हेंबरात पुन्हा खुला झाला, लाल-सोनेरी खांब ताज्या लाखेने चमकतात. त्याच्या मागे गेलात की चित्र बदलतं. १९४७च्या आगीत आणि १९६८मध्ये तेतच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या हल्ल्यानंतर इथे जवळजवळ महिनाभर चाललेल्या लढाईत बहुतेक इमारती नष्ट झाल्या. जिथे महाल होते तिथे गवतातून नुसती जोती दिसतात. बरेच प्रवासी हा भाग रिकामा समजून पुढे जातात. तुम्ही थांबा. रायगडावर जोत्यांवरून महाल मनात उभा करायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती इथे कामी येते. नंतर नऊ राजवंशकलश पाहा. १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले हे काशाचे प्रचंड कलश आहेत, आणि त्यांवर देशातल्या नद्या, डोंगर, झाडं, प्राणी, होड्या कोरल्या आहेत.

चौथ्या दिवशी समाध्या. दुचाकी चालकासह अर्ध्या दिवसासाठी ठरवा, हॉटेलमधून फोन करून देतात. क्रम असा ठेवा: सगळ्यात लांबची मिन मांग आधी, मग खाय दिन्ह, शेवटी तु दुक. मिन मांगची समाधी एका सरळ रेषेत तळ्यांमधून मागे मागे जाते, सकाळी सात वाजता तिथे पक्ष्यांशिवाय कोणी नसतं. खाय दिन्हची काँक्रीटची आहे, १९२० ते १९३१ या काळात बांधलेली. बाहेरून काळवंडलेली, आत मात्र भिंती फुटक्या चिनीमातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी मढवलेल्या. मला ती फार भावली नाही. वेळ कमी असेल तर हीच गाळा.

तु दुकची कधीही गाळू नका. हा बादशहा निपुत्रिक होता. मुलाने बापाची प्रशस्ती लिहायची रीत असताना त्याने स्वतःच्या समाधीचा शिलालेख स्वतःच लिहिला आणि त्यात आपल्या चुकाही नोंदवल्या. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या या बागेत तो हयात असताना येऊन राहायचा, तळ्याकाठच्या मंडपात कविता करायचा. बांधकामाच्या वेठबिगारीमुळे १८६६ मध्ये उठावही झाला होता. त्याचं प्रेत प्रत्यक्षात कुठे पुरलं हे मात्र आजही गुपित आहे.

परतताना थिएन मू पॅगोडा. १६०१चं मंदिर, नदीच्या वळणावर सात मजल्यांचा मनोरा, तिकीट नाही. मागच्या बाजूला एक जुनी निळसर ऑस्टिन मोटार ठेवली आहे. ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिक क्वांग दुक याच मोटारीतून सायगावच्या चौकात गेले आणि बौद्धांच्या छळाच्या निषेधार्थ त्यांनी आत्मदहन केलं.

दिवस पाचवा: समुद्राकडची खिडकी आणि चाम संग्रहालय

ह्वे ते दा नांग रेल्वेने १०३ किलोमीटर, अडीच ते तीन तास. डावीकडची खिडकी मागा. हाय व्हान घाटात रूळ समुद्राच्या अगदी वर कड्याला चिकटून जातात. मार्च २०२४ पासून या टप्प्यावर वारसा गाडीही धावते, ती लांग को इथे काही मिनिटं थांबते.

दा नांगला उतरून थेट होई आनला निघू नका. आधी चाम शिल्प संग्रहालय, स्थानकापासून ग्रॅबने दहा-पंधरा मिनिटं. तिकीट ६० हजार. मी खिडकीवर सॅक ठेवायची विनंती केली, त्यांनी ठेवून घेतली.

हे संग्रहालय मी सनच्या आधीच पाहायला हवं, कारण मी सनची उत्तम शिल्पं इथे आहेत. १९१९ साली उघडलेल्या या इमारतीत शिरताच शिवलिंगं, नंदी, अप्सरा दिसू लागतात. मी सनच्या ई-५ मंदिरातला उभा गणपती शोधा. सातव्या-आठव्या शतकातला, चार हातांचा, सोंड डाव्या हातातल्या मिठाईच्या वाडग्यात. व्हिएतनामने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं आहे. घरी दरवर्षी गणपती बसवणाऱ्या माणसाला त्या मूर्तीपुढे काय वाटतं ते मी लिहू शकत नाही, मी तिथे बराच वेळ उभी होते. त्रा किएउ या गावी सापडलेल्या दगडी पीठावरची कथाही पाहा. ती सीतास्वयंवराची की कृष्णाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण गोष्टी जाणतो, तेव्हा चारही बाजू फिरून स्वतः ठरवा.

संध्याकाळी ग्रॅबने होई आन, सुमारे ३० किलोमीटर.

दिवस सहावा: मी सन

होई आनपासून साधारण ४० किलोमीटर. पहाटे पाचला निघणारी गटसहल घ्या, एकट्याने गाडी करण्यापेक्षा स्वस्त पडते. तिकीट दीड लाख, त्यात दारापासूनची विजेची गाडी येते. सहा-साडेसहाला दरीत धुकं असतं आणि विटांचे मनोरे त्यातून हळूहळू बाहेर येतात. नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

चौथ्या शतकात चंपाचा राजा भद्रवर्मन याने इथे शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. राजाचं नाव आणि पुढे ईश्वर, ही रीत आपल्याला ओळखीची. ते देऊळ जळालं, तेव्हा सातव्या शतकात शंभुवर्मन याने पुन्हा बांधलं आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. तेराव्या शतकापर्यंत देवळं बांधली जात होती. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत.

देवळांचे गट रोमन अक्षरांनी ओळखतात. बी, सी आणि डी हे गट सगळ्यात शाबूत, बहुतेक गटसहली इथेच संपतात. वाटाड्याला सांगून थोडं पुढे ए गटाकडे चालत जा. तिथला सर्वात देखणा मनोरा ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत पडला. बॉम्बचे खड्डे अजून आहेत, त्यांत गवत उगवलं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ए, एच आणि के या तीन गटांचं जतन २०१७ ते २०२२ मध्ये केलं. मे २०२०मध्ये याच कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मातीखाली सापडलं. विटांचे सांधे हात न लावता जवळून पाहा, दरज जवळजवळ दिसतच नाही.

चपला काढायची सक्ती नाही, पूजाही होत नाही. फुलं वाहू नका, लिंगाला स्पर्श करू नका.

दिवस सातवा: होई आन

जुन्या गावाचं तिकीट १ लाख २० हजार, त्यावर ठरावीक वास्तू निवडून पाहता येतात. मी पूल, फूच्येनच्या चिनी व्यापाऱ्यांचं सभागृह आणि तान की हे जुनं व्यापारी घर निवडेन. पुलाचं मूळ १५९३चं मानतात, जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेलं, मधोमध छोटं देऊळ. दुरुस्तीनंतर तो ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. पुढे जपानने स्वतःची दारं मिटून घेतली, तसे जपानी गेले. नंतर थू बोन नदी गाळाने भरत गेली, जहाजं दा नांगला वळली. व्यापार गेला म्हणूनच जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही आणि गाव वाचलं. मी सन आणि होई आन दोन्हींच्या जतनासाठी काझिमेर्झ क्व्यात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने १९८०च्या दशकापासून काम केलं. १९९७ साली ह्वेमध्ये त्याचा मृत्यू झाला. होई आनमधल्या छोट्या बागेत त्याचं स्मारक आहे, तिथे दोन मिनिटं थांबा.

गाव सकाळी सहाला पाहा आणि संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळी सायकल घेऊन भाजीच्या मळ्यांकडे जा. कपडे शिवून घ्यायचे असतील तर पाचव्या दिवशी संध्याकाळीच माप द्या, म्हणजे दुरुस्तीला एक दिवस हाती राहतो.

खाण्याचं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. ‘चाय’ हा शब्द पाठ करा. पाटीवर ‘कोम चाय’ दिसलं की शाकाहारी भातवाले. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी नेहमीच्या खाणावळीतही चाय पदार्थ मिळतात, ह्वेमध्ये तर विशेष. मासळीच्या पाण्याची धार, नुओक मम, जवळपास सगळ्यात असते, ती नको असेल तर ‘खोम नुओक मम’. ‘बो’ म्हणजे गोमांस, हा शब्दही लक्षात ठेवा. ह्वेचं प्रसिद्ध बुन बो त्याचंच.

बान सेओ खाच. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध, म्हणजे कुरकुरीत घावन, आत मोड आलेले मूग. चाय प्रकारात सहज मिळतो.

एकट्याने वावरताना

हाक मारायला नात्याची नावं आहेत, आपल्यासारखीच. थोड्या मोठ्या बाईला ‘चि’, म्हणजे ताई, पुरुषाला ‘आन’, म्हणजे दादा. मी ‘चि ओय’ म्हटलं की चेहऱ्यावर लगेच हसू यायचं आणि पुढचं काम हातवाऱ्यांनी व्हायचं.

हॉटेलवाले नोंदणीसाठी पारपत्र मागतात. नोंद झाली की लगेच परत घ्या. रस्ता ओलांडताना एकसारख्या संथ चालीने पुढे जा, दुचाक्या तुमच्या बाजूने वळतात. मध्येच थांबू नका, मागे येऊ नका. भाड्याची स्कूटर देताना कोणी परवाना विचारत नाही, अपघातानंतर विमा कंपनी विचारते, म्हणून चालकासहच फिरा. रात्री नऊ-दहापर्यंत तिन्ही शहरांत मी एकटी फिरले, त्रास झाला नाही. रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून उभं राहणं मात्र टाळा.

खर्चाचं म्हणाल, तर वर दिलेली सगळी तिकिटं मिळून ९ लाख ३० हजार डाँग, म्हणजे साधारण ३,२०० रुपये. दर वाढत राहतात, निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

आठव्या दिवशी होई आन ते दा नांग विमानतळ पाऊण तास धरा. ग्रॅबसाठी ४ लाख बाजूला ठेवा, आणि उरलेले डाँग विमानतळावरच बदलून घ्या, आपल्याकडे ते सहज कोणी घेत नाही.